माळवदाचा गोठा पाडण्याआधी: जुन्या गोठ्याची आणि बळदाची दुरुस्ती कशी करावी

सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढा, सांगोला, मोहोळ, बार्शी, कुठल्याही गावठाणात शिरा, असा एखादा गोठा सापडतोच. दीड-दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती, आत बाभळीचे नाहीतर लिंबाचे खांब, वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचे थर ठोकलेलं सपाट छत, एका अंगाला गव्हाण आणि दावण, दुसऱ्या अंगाला कडब्याची आणि दाण्याची खोली, कधी भिंतीतच दाणे साठवायचं पोकळ बळद. ट्रॅक्टर आला, बैलजोडी गेली, दावणीच्या जागी मोटारसायकल आणि खताची पोती आली. मग एका पावसाळ्यात माळवद गळायला लागतं आणि घरातला कुणीतरी म्हणतो, "जेसीबी बोलवा, अर्ध्या दिवसाचं काम आहे."

काम खरंच अर्ध्या दिवसाचं आहे. पण दुष्काळात दामाजीपंतांनी बेदरच्या बादशहाची कोठारं लोकांना उघडून दिली, ही कथा ज्या मंगळवेढ्याची, जिथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, त्या मुलखात ज्वारी आणि कडबा ठेवायच्या जागा अशा एकेक करून ढिगारा होत चालल्या आहेत. शिवाय हिशेबाची बाजूही आहेच. मे महिन्यात बाहेर पारा बेचाळीसच्या पुढे असताना नुसत्या पत्र्याखाली जनावर धापा टाकतं, माळवदाखाली निवांत रवंथ करतं.

मी पाहिलेले बहुतेक गोठे दोन कारणांनी खचले होते: भिंतीत मुरलेलं पाणी आणि माथ्यावर वर्षानुवर्षं चढत गेलेली माती. गेल्या तीसेक वर्षांत तिसरं कारण आलं, ते म्हणजे मातीच्या भिंतीवर मारलेला सिमेंटचा गिलावा. दुरुस्तीचा क्रमही त्यावरूनच ठरतो. आधी पाणी, मग ओझं, मग लाकूड, मग भिंती, आणि सगळ्यात शेवटी दिसणं. लोक उलट्या टोकाने सुरू करतात आणि पैसे वाया जातात.

कागद आणि भाऊबंद

गावठाणातला गोठा असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा किंवा मिळकत पत्रिका काढा. शेतातला असेल तर सातबारा. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी झाली आहे, तुमच्या गावची झाली असेल तर हद्दी बघून घ्या. जुन्या गोठ्याची एक भिंत हमखास चुलत्याची असते. तिला हात लावण्याआधी कागदावर संमती घ्या, तोंडी नको. काम अर्ध्यात असताना वाद उपटला तर माळवद उघडं राहतं आणि वळीव कुणासाठी थांबत नाही.

केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत दुरुस्तीलाही आधी परवानगी लागते, आणि पुढच्या २०० मीटरपर्यंत नियम लागू आहेत. सोलापुरात भुईकोट किल्ल्याजवळ राहणाऱ्यांना हे ठाऊक असतं.

एक पावसाळा नुसतं बघा

घाई नसेल तर पहिला पावसाळा नुसता बघण्यात घालवा. आपल्याकडे पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात, तोही धो धो. भर पावसात आत उभं राहून बघा: थेंब कुठं पडतो, भिंतीची ओल वरून उतरते की खालून चढते, अंगणातलं पाणी कुठं तुंबतं. वरून उतरणारी ओल माळवदाची किंवा पन्हाळाची, खालून चढणारी ओल जोत्याची. दोन्हीचा इलाज वेगळा.

पाऊस उघडला की मापं घ्या. आपल्याकडे गोठा खणांवर मोजतात (दोन खांबांमधली जागा म्हणजे खण), तसाच नकाशा काढा. प्रत्येक खांबाला आणि तुळईला खडूने नंबर, तोच नंबर कागदावर, आणि चारी बाजूंनी फोटो. खुंट्या, कोनाडे, देवळ्या, साणं (छतातलं उजेडाचं भोक), दाराची चौकट, काही सोडू नका. घरातल्या जुन्या माणसाला सोबत घेऊन फिरा. एका आजींना मी विचारलं, "आजी, या कोपऱ्यातली भिंत वेगळी का दिसते?" म्हणाल्या, "आरं, हितं बळद हुतं. सासऱ्यांनी तोंड बुजवलं, उंदरं लई झाली म्हणून." ती भिंत आतून पोकळ निघाली. न विचारता तिच्यावर टेकू लावला असता तर काय झालं असतं, हे सांगायला नको.

हा गोठा ठेवायचा का?

प्रत्येक गोठा वाचवण्यासारखा नसतो. निम्म्याहून जास्त तुळया खचल्या असतील, दोन भिंती ओळंब्यातून सुटल्या, म्हणजे कलल्या, असतील आणि खांब जमिनीशी कुजले असतील तर सरळ उतरवा, पण हाताने, नंबर टाकून, दगड आणि लाकूड वेगळं रचून. त्याच सामानात लहान गोठा उभा राहतो.

इथं किल्लारीचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात शेजारच्या लातूर-उस्मानाबादेत (आताचं धाराशिव) हजारो माणसं गेली, ती अशाच जाड दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदांखाली. माळवदाची भीती तिथून बसली आणि ती रास्त आहे. पण तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. ज्या घरांत खणाखणाला लाकडी खांब होते आणि माळवद त्या खांबांवर तोललेलं होतं, तिथं बऱ्याच ठिकाणी भिंती बाहेर कोसळल्या तरी वरचं छत उभं राहिलं. म्हणून भिंतीला चिकटून उभा असलेला खांब "अडचण होते" म्हणून कधीही काढू नका. आणि गोठ्यात रात्री माणूस झोपत असेल, जे आपल्याकडे सर्रास असतं, तर दगडमातीचं बांधकाम जाणणाऱ्या इंजिनिअरला दाखवल्याशिवाय काम सुरू करू नका.

टेकू आधी, मग बाकीचं

प्रत्येक खचलेल्या तुळईखाली, सांध्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी किंवा लोखंडी टेकू. टेकूखाली फळी हवी, नाहीतर तो जमिनीत रुततो. टेकू पाचरीने हलके घट्ट करा, जोर लावून तुळई वर उचलायचा प्रयत्न करू नका. वर्षानुवर्षं वाकलेलं लाकूड एका दिवसात सरळ करायला गेलं की फाटतं.

त्याच आठवड्यात पाण्याला वाट काढून द्या. भिंतीच्या बुडाशी साचलेली माती, उकिरडा, राडारोडा हलवा. जोत्याचा दगड पूर्ण दिसला पाहिजे. रस्त्यावर थरावर थर चढून गोठा खड्ड्यात गेला असेल तर भिंतीपासून दोन-तीन फुटांवर चर काढून पाणी बाहेर न्या. भिंतीला लागून खोल खणू नका, पाया मोकळा होतो.

माथ्यावरची माती

दर वर्षी मृगाच्या आधी माळवदावर मातीचा नवा थर टाकायची रीत. जुना खरवडायचा मात्र कुणी कंटाळा केला की तो तसाच राहतो. तीन पिढ्यांत ही माती दोन फुटांवर जाते. हिशेब करून बघा. वीस बाय तीस फुटांचा गोठा, दोन फूट माती: पंचावन्न टनांच्या घरात ओझं. तेच आठ इंच ठेवलं तर अठरा टन. म्हणजे दहा-बारा ट्रॉल्या माती त्या खांबांच्या डोक्यावर विनाकारण बसलेली.

ती उतरवण्याची पद्धत महत्त्वाची. सगळ्या माथ्यावरून चार-चार इंचांचा थर समान काढत यायचं. एका बाजूने पूर्ण मोकळं आणि दुसरीकडे ढीग, असं झालं की खांब कलतात. वर फळ्या टाकून त्यावरून चालायचं, काम चालू असताना खाली एकही माणूस किंवा जनावर नको. नाकाला फडकं बांधा, हातात मोजे घाला. शेवटच्या थरात, पाल्याच्या जागी, विंचू असतातच.

आणि ही माती फेकू नका. माळवदाला लागते ती पांढरी, खारट माती. तिच्यावर गवत धरत नाही आणि पाणी कमी झिरपतं. पूर्वी ती गावच्या पांढरीतून, पडक्या गढीतून आणत. आज मी म्हणेन, तिथं कुदळ लावू नका. त्या टेकाडात जुनी वस्ती असते, खापरं असतात, गावाचा इतिहास असतो. एक वारसा वाचवायला दुसरा खणून काढण्यात अर्थ नाही. तुमच्या माळवदावरून निघालेली माती चाळून घ्या, नव्या थराला पुरून उरते.

लाकूड

माथा हलका झाला की लाकूड खरं बोलायला लागतं. विळ्याच्या मुठीने तुळई ठोकत चला. निरोगी लाकूड टणटण वाजतं, आतून खाल्लेलं भदभद. मग पेचकस घेऊन टोचा. अर्धा इंच सहज आत गेला तर वरचं कुजलेलं आहे, दोन इंच गेला तर तेवढा भाग गेला. सगळ्यात जास्त बघायचं ठिकाण म्हणजे तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक. मधला भाग लोखंडासारखा आणि टोक मात्र हाताने कुस्करता येतं, हे नेहमीचं आहे, कारण भिंतीची ओल तिथंच बसते.

टोक कुजलं म्हणून आख्खी तुळई बदलायची गरज नाही. सगळ्यात सोपा आणि जुनाच मार्ग: भिंतीलगत नवा खांब उभा करायचा आणि तुळईला निरोगी भागात आधार द्यायचा. दुसरा मार्ग सांध्याचा. कुजका भाग कापून त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडायचा, सांधा तुळईच्या उंचीच्या किमान अडीच-तीन पट लांब, आरपार बोल्ट. हा सांधा आधाराच्या जवळ असावा, मध्यावर कधीच नाही. टोक परत भिंतीत बसवताना खाली सपाट दगड आणि भोवती बोटभर मोकळी जागा ठेवा, हवा खेळली की कुजणं थांबतं.

खांब मातीत रोवलेला असेल तर त्याचं बूड कापून दगडी तळखडा (खांबाखालची बैठक) द्या. वाळवीची निम्मी वाट तिथंच बंद होते. आधी गोठ्याशेजारी चूल पेटायची, धुराने लाकूड राखलं जायचं. आता तो धूर नाही. त्यामुळे बोरॅक्स-बोरिकचं पाणी द्या: शंभर लिटर पाण्यात तीन किलो बोरॅक्स, दोन किलो बोरिक पावडर, ब्रशने दोन-तीन हात. गव्हाणीच्या लाकडाला आणि जनावर चाटेल तिथं मात्र हे लावू नका. तिथं जवसाचं तेल पुरे. जळकं इंजिन ऑइल लावायची सवय गावोगावी आहे. दाण्याच्या आणि कडब्याच्या खोलीत ते विष आहे, शिवाय पेट घेतं ते वेगळंच.

नवं लाकूड बाभळीचं घेणार असाल तर हिवाळ्यात तोडलेलं बघा. ओंडके काही महिने विहिरीत किंवा तळ्यात बुडवून ठेवून मग सावलीत वाळवायची जुनी पद्धत खुळी नाही, भुंगा कमी लागतो.

भिंती

आपल्या जुन्या भिंती म्हणजे खरं तर दोन भिंती: बाहेरची दगडाची, आतली दगडाची, मध्ये गोटे आणि माती. पाणी आत गेलं की मधली भर बसते आणि बाहेरची कड फुगते. गवंडी म्हणतात, "भिंतीनं पोट काढलंय." ओळंबा सोडून बघा. पोट थोडं असेल आणि वाढत नसेल तर राहू द्या. फुगलेल्या ठिकाणी ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल तर तेवढा भाग उतरवून परत बांधायचा, एका वेळी तीन-चार फुटांपेक्षा जास्त नाही.

परत बांधताना आरपार जाणारे लांब दगड घाला, उंचीला दर दोन फुटांवर आणि लांबीला दर चार फुटांवर एक. हेच दगड दोन कडा एकत्र धरतात. जुन्या गवंड्यांनी ते घातलेले असतात, घाईत बांधलेल्या भिंतींत नसतात. जी भिंत उतरवायची नाही तिच्यात साधारण मीटरभर अंतरावर आरपार भोक पाडून, आकडा केलेली सळई घालून ते काँक्रीटने भरतात. हे मात्र इंजिनिअर सांगेल तसंच करा. कोपऱ्यात लांब दगड एकदा या भिंतीत, एकदा त्या भिंतीत, असे गुंफलेले हवेत. खांब आणि तुळईच्या सांध्यात तिरके लाकडी आधार आणि लोखंडी पट्ट्या बसवल्या तर खर्च थोडा आणि फायदा मोठा.

सिमेंटचा गिलावा असेल तर काढा. मातीची भिंत रोज थोडी ओल घेते, थोडी सोडते. वर सिमेंट आलं की ओल आत अडकते, वर सरकते, खार फुटतो आणि काही वर्षांत गिलाव्यामागची माती पिठासारखी होते. बाहेरून मात्र भिंत चकचकीत दिसते. काढताना हातोडा हलका. मागची माती सोबत येत असेल तर तिथं थांबा.

बाहेरच्या दगडांमधल्या दरजा चुन्याने भरा: एक भाग मुरलेला चुना, अडीच भाग धुतलेली वाळू. चुना किमान दोन-तीन आठवडे पाण्यात मुरलेला हवा. मार्च-एप्रिलच्या उन्हात भरलात तर तो वाळतो, पण धरत नाही. ओलं पोतं लावून आठवडाभर ओलसर ठेवावं लागतं. म्हणून चुन्याचं काम दिवाळीनंतर, थंडीत उरका.

आतून मातीचा गिलावा. यासाठी शेतातली काळी माती चालत नाही, ती भिजली की फुगते आणि वाळली की बोट जाईल एवढी फाटते. कुठली माती चालेल ते घरीच कळतं. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती, चिमूटभर मीठ, वर पाणी, जोरात हलवा आणि दिवसभर ठेवा. तळाला वाळू, वर गाळ, सगळ्यात वर चिकण बसते. चिकणमाती पाव हिस्स्याच्या आसपास असावी. मग दोन फूट लांब खोक्यात ओली माती भरून सावलीत वाळू द्या. इंचाहून जास्त आकसली तर वाळू वाढवा.

नवं माळवद

तुळयांवरच्या आडव्या कड्यांवर किलचन (लाकडाच्या बारीक पट्ट्या) किंवा फळ्या, त्यावर लिंबाचा पाला, तरवडाच्या फांद्या किंवा तुराट्या आडव्या-उभ्या दाबून, त्यावर दोन-तीन इंच घट्ट चिखल. तो नीट वाळला की चाळलेली पांढरी माती, थोडी ओलसर, दोन थरांत, प्रत्येक थर धुमसाने ठोकून. एकूण माती आठ इंचांच्या वर जाऊ देऊ नका. उतार दहा फुटाला तीन इंच, पन्हाळाकडे.

वरच्या लेपाला माती, गव्हाचं भुसकट आणि शेण भिजवून आठ-दहा दिवस कुजवायचं, रोज पायाने तुडवायचं. वास सुटला आणि भुसकट मऊ पडलं की लेप तयार. इंचभराचा एक हात, भेगा पडल्या की त्या भरून दुसरा पातळ हात.

गळती बहुतेक वेळा सपाट माथ्यातून होत नाही. ती कडेला होते, कठड्याच्या सांध्यात, साण्याच्या तोंडाशी आणि पन्हाळाच्या बुडाशी. तिथं चुन्याचा गोल कंगोरा करा. पन्हाळ भिंतीबाहेर किमान दोन फूट आलं पाहिजे आणि त्याखाली फरशी हवी. साणं बुजवू नका, त्याच्याभोवती चार-पाच बोटं उंच कडा आणि वर झाकण ठेवा. उजेड आणि गरम हवेची वाट तीच आहे. मातीखाली प्लास्टिक अंथरायची टूम निघाली आहे. मी टाळतो, कारण खालून येणारी वाफ लाकडावर थबकते.

माळवदावर पत्र्याची छत्री घालणं शुद्धिवादी लोकांना खटकतं. मला नाही. दरवर्षी वर चढून लिंपायला घरात माणूस नसेल तर जुन्या भिंतीवर भार न देता, स्वतंत्र लोखंडी खांबांवर, दोन फूट अंतर ठेवून पत्रा टाका. वळवाच्या वाऱ्याला तो नीट बांधलेला हवा. पुढच्या पिढीला वाटलं तर नटबोल्ट काढून उतरवता येतो. माती पूर्ण काढून नुसता पत्रा टाकण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं.

जमीन, गव्हाण, दावण

जनावरांखाली शहाबादी फरशी घालू नका. शेण-मुताने ती निसरडी होते आणि जनावर फाकलं की उठत नाही. खडबडीत दगड किंवा ठोकलेला मुरूम, नालीकडे उतार. खिलार बैल बांधणार असाल तर शिंगांचा पसारा ध्यानात घ्या, दावणीत खुंट्यांमधलं अंतर चार फुटांपेक्षा कमी नको. गव्हाणीची कड जनावरांच्या मानेने घासून काचेसारखी गुळगुळीत झालेली असते. ती तासून "नवी" करू नका.

बळद आणि पेव

बळदाला आतून शेणमातीचा लेप, तळाला दोन फळ्यांची उचल, तोंडाला घट्ट झाकण. ज्वारी दाताखाली कट्ट वाजेपर्यंत वाळवूनच भरा. लिंबाचा पाला टाका, पण ओल्या ज्वारीला तो वाचवत नाही.

पेव, म्हणजे दाणे साठवायचा जमिनीतला खड्डा, सापडलं तर आत उतरायची हौस आवरा. बंद पेवात दाणा आणि बुरशी हवेतला प्राणवायू खाऊन टाकतात, जड वायू तळाशी साचतो आणि उतरलेला माणूस हाक मारायच्या आत बेशुद्ध पडतो. त्याला काढायला गेलेला दुसराही जातो. तोंड दोन-तीन दिवस उघडं ठेवा, पंख्याने हवा सोडा, कमरेला दोर आणि वर दोन माणसं असल्याशिवाय कुणी उतरू नये. वापरणार नसाल तर तोंडावर लोखंडी जाळी आणि दगड बसवा.

माणसं, वेळ आणि पहिलं वर्ष

पैसा जातो तो मजुरीत आणि लाकडात. दगड आणि माती तुमच्याच घरची. भिंत आणि लाकूड हजेरीवर करून घ्या, उक्तं दिलं की आरपार दगड नेमके विसरले जातात. साठीच्या पुढचा एखादा गवंडी शोधा आणि त्याच्या हाताखाली दोन तरुण द्या. गोठ्यासाठी सरकारी योजनेतून जे अनुदान मिळतं ते नव्या पक्क्या गोठ्याचं असतं, जुन्याच्या डागडुजीला त्यावर विसंबू नका.

दिवाळीनंतर पाणी, टेकू आणि माती. डिसेंबर-जानेवारीत लाकूड आणि चुना. फेब्रुवारी-मार्चात ज्वारीची काढणी, तेव्हा मजूर मिळत नाही, त्या काळात माती कुजवा आणि तुराट्या गोळा करा. ज्वारीची काढणी संपताच नवं माळवद घाला आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत संपवा. ताडपत्री तयार ठेवा, ओल्या लेपावर वळीव पडला की सगळं धुऊन जातं.

पहिल्या पावसाळ्यात थेंब पडेल, घाबरू नका. थेंबाच्या जागी खाली खडूने खूण करा, पण ओल्या माळवदावर चढू नका. पाय रुतला की एका गळतीच्या चार होतात. पाऊस उघडून दोन-तीन दिवस ऊन पडलं की वर जा, खुणेच्या वरच्या अंगाला, उताराच्या उलट्या दिशेने भेग शोधा, ती ओली करून शेणमातीने भरा आणि हाताने दाबून घ्या. पुढच्या वर्षी मृगाच्या आधी नवा लेप देताना जुना इंचभर खरवडूनच द्या.